नापास घड जातो कुठे?

द्राक्षाचा घड युरोपला पाठवायचा असेल तर आधी बागेची नोंदणी. मग बागेला क्रमांक. काढणीआधी प्रयोगशाळेची माणसं येऊन नमुना नेतात, रेसिड्यू, म्हणजे कीटकनाशकाचे अंश, तपासतात. पास झाला तर कंटेनर. नापास झाला तर?

तर तो आपल्याकडे येतो.

वर्षभराचा खर्च अंगावर असलेला बागायतदार माल बांधावर ओतून देणार नाही. तो लोकलला देतो. त्याच्याकडे बोट दाखवू नका. लोकलच्या वाटेवर दुसरी चाळणी कुठे आहे, ते दाखवा.

युरोपात नापास म्हणजे विष नव्हे, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची रेघ मारतो. ती ओलांडणारं फळ खाऊन कोणी आडवं होत नाही. पण आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही मर्यादा ठरवल्या आहेत. त्याच घडाने निदान त्या तरी पाळल्या का?

कोणी पाहिलं?

2010 चा हंगाम नाशिक-सांगलीकडचे लोक विसरलेले नाहीत. वेलीची वाढ आवरायला वापरायचं लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, युरोपात पोचलेल्या द्राक्षांत सापडलं आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले. तपासायच्या रसायनांच्या आपल्या यादीत त्याचं नावच नव्हतं. बुडाले बागायतदार आणि निर्यातदार. यादी करणाऱ्यांचं काय बुडालं?

त्यानंतर यादी सुधारली, तपासणी घट्ट झाली. म्हणजे जमतं. अपमान झाला की जमतं.

2014 पाहा. 1 मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार लावलं. सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. इकडे हापूसच्या अब्रूचा प्रश्न झाला. पण युरोपला धास्ती खाणाऱ्याच्या पोटाची नव्हती, स्वतःच्या शेतीत परकी कीड शिरण्याची होती. नियम पाहुण्यासाठी नसतो, घरच्या पिकासाठी असतो.

मग गरम पाण्याची प्रक्रिया आली, पॅकहाउसची तपासणी कडक झाली आणि 2015 च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. बंदीची मुदत संपण्याच्या बरंच आधी. इतक्या झपाट्याने आपण कधी स्वतःच्या बाजारासाठी हललो आहोत?

सगळेच परदेशी नियम शहाणे असतात असं मात्र समजू नका. मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेतल्या विमानतळांवर अडल्या. प्रक्रियेच्या कागदपत्रांत दोष, एवढंच कारण. परत न्या किंवा नष्ट करा, असं फर्मान निघालं. परतीचं भाडं परवडेना, म्हणून आंबा नष्ट झाला. निर्यातदारांच्या अंदाजाने नुकसान सुमारे 5 लाख डॉलर. विकिरण अमेरिकेच्याच निरीक्षकाच्या देखरेखीखाली होतं. मग कागदाची शिक्षा आंब्याला का?

सीमेवर कडक होणं आपल्यालाही येतं. 2017 मध्ये चिनी सफरचंद किडीपायी थांबवलं. 2021 च्या डिसेंबरात इराणी किवी थांबवलं. बरोबरच केलं. बागा वाचल्या पाहिजेत.

आणि खाणारे?

मेणाचा थर दिलेल्या फळाच्या खोक्यावर मेणाचं नाव छापा, असा आपला नियम आहे. पण फळ हातगाडीवर येतं ते सुटं. खोकं मागे राहतं, मेण पुढे येतं. तुम्ही ते नाव कधी वाचलंत?

फळावर स्टिकर दिसतो ना? 2018 मध्ये प्राधिकरणालाच सांगावं लागलं की 'टेस्टेड ओके' किंवा 'उत्तम दर्जा' छापलेले स्टिकर व्यापारी मनाने लावतात, कधी डाग झाकायलाही. लोक मात्र त्याच स्टिकरचे जास्त पैसे मोजतात.

आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे. तरी हंगाम आला की छापे पडतात आणि बातम्या छापून येतात. पुढच्या वर्षी पुन्हा छापे, पुन्हा बातम्या. इथिलीनचा कायदेशीर मार्ग खुला असताना कार्बाइड विकणाऱ्याला एवढं धैर्य येतं कुठून? शिक्षा झालेली त्याने पाहिलेली नाही.

ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीच्या प्रणालीवरच्या क्रमांकामुळे रॉटरडॅमला उतरलेल्या पेटीचा माग दिंडोरीतल्या नेमक्या बागेपर्यंत काढता येतो. पुण्यात गाडीवाल्याला विचारा, द्राक्षं कुठली? 'नाशिकची.' नाशिक केवढं मोठं आहे!

यंत्रणा नाही, ही सबब चालणार नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, प्रयोगशाळा आहेत, हात बसलेली माणसं आहेत. देशातल्या बाजारांतूनही नमुने घेतले जातात. पण त्यांचा अहवाल येतो तोवर ते फळ खाऊन, पचून कधीच संपलेलं असतं. निर्यातीचा निकाल काढणीआधी आणि आपला निकाल जेवणानंतर. हा फरक कोणी ठरवला?

वाशीच्या फळबाजारात रोज भाव लागतात. तपासलेल्या नमुन्यांचे निकाल त्याच फलकावर का लागत नाहीत?