बचावाचा सिद्धान्त
अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ‘ट्रेड’, म्हणजे खेळाडूंची बहुधा त्यांच्या संमतीवाचूनच होणारी अदलाबदल, हा व्यवस्थापकीय दूरदृष्टीचा परमोच्च आविष्कार मानला जातो. म्हणूनच २०२४ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सला अंतिम फेरीत नेणारा २५ वर्षांचा लुका डॉन्चिच फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सना देऊन सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी मुख्यतः ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस पदरात पाडून घेतला, कारण विजेतेपद म्हणे बचावामुळे मिळते (कोणाचा बचाव, हे तेव्हा स्पष्ट व्हायचे होते). डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. पुढे नवोदित खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत अवघी १.८ टक्के शक्यता असताना संघाला पहिला क्रमांक लाभला, तरी कृतघ्न प्रेक्षकांनी हॅरिसन यांच्या हकालपट्टीचा घोष सोडला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये मालकांनी तो मान्य केला.