वेळ नंतर कळवण्यात येईल

अमेरिकेच्या ईशान्य भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत जो ऋतू असतो त्यात माणसे मुख्यतः दोन गोष्टी पाहण्यासाठी घराबाहेर पडतात : एक झाडांची रंगलेली पाने आणि दुसरी महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना. पहिली गोष्ट फुकट असते आणि ती नेमकी केव्हा घडेल हे सांगता येत नाही. दुसरीला भरमसाट पैसे पडतात आणि तीही नेमकी केव्हा घडेल हे सांगता येत नाही. या दोन अनिश्चित गोष्टी एकाच शनिवार-रविवारात कोंबण्याच्या उद्योगाला तेथील मराठी घरांतही ‘फॉल ट्रिप’ असेच म्हणतात, आणि या उद्योगाचे जे शास्त्र न्यू जर्सीतील एडिसन येथे एका मराठी कुटुंबात विकसित झाले त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

या शास्त्राचे प्रणेते म्हणजे त्या घरचे कुटुंबप्रमुख. ते पेशाने संगणक अभियंता असून कोणताही प्रवास एक्सेलच्या तक्त्यात उतरल्याशिवाय तो घडला असे मानत नाहीत. त्यांना यापुढे ‘नियोजक’ म्हटले आहे. त्यांची पत्नी ही प्रस्तुत लेखकाची धाकटी बहीण. नियोजकांच्या आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. राहता राहिला लेखक : त्याच्याकडे सहसा कोणतेही काम सोपवले जात नाही, परंतु कोणत्याही वस्तूचा इतिहास न विचारता सांगण्याची खोड असल्यामुळे त्याला गाडीत मागच्या आसनावर, थंडीच्या कपड्यांचे गाठोडे एका बाजूला आणि आजी दुसऱ्या बाजूला, अशा रीतीने बसवण्यात येते की बोलण्यासाठी मान वळवणेही कठीण व्हावे. तक्त्यात प्रवासाची तीन उद्दिष्टे नोंदलेली होती : पाने, सामना, आणि तिसऱ्या ओळीत, लहान टायपात, ‘जमल्यास चिरंजीवांची भेट’. चिरंजीव ऑगस्टपासून पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात, म्हणजे सर्वत्र ‘पेन स्टेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, पहिल्या वर्षाला दाखल झालेले होते आणि ‘सारखे येऊ नका’ असे त्यांनी निघतानाच बजावले होते. त्यामुळे आईवडिलांना तेथे जाण्यासाठी एखादे भक्कम निमित्त लागत होते, आणि एक लाख माणसे जमणारा सामना हे निमित्त म्हणून पुरेसे भक्कम होते.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल हे वेगळे सांगावयास नको. या खेळात लांबट चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि पायांचा उपयोग मुख्यत्वे पळण्यासाठी व पळणाऱ्याच्या अंगावर झेप घेण्यासाठी केला जातो. महाविद्यालयांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात न्यू ब्रन्सविक येथे, म्हणजे नियोजकांच्या घरापासून अवघ्या काही मैलांवर झाला, त्यात प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते, चेंडू गोल होता, तो हातात घेऊन पळण्यास मनाई होती आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला, ही माहिती लेखकाने गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच दिली. पुढे हा खेळ इतका जीवघेणा झाला की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज द्यावी लागली, आणि १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाल्यावर मैदानावरची निव्वळ रेटारेटी थोडी कमी झाली, हा भाग मात्र कोणीतरी रेडिओचा आवाज वाढवल्यामुळे अपुरा राहिला.

परंतु हे सर्व प्रत्यक्ष प्रवासातले झाले. शास्त्राचा खरा विस्तार प्रवासापूर्वीच्या महिन्यांतला आहे. विद्यापीठाचे गाव स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियाच्या ऐन मध्यावर, डोंगरांच्या रांगांमध्ये वसलेले असून त्याची वस्ती सुमारे चाळीस हजार आहे. तेथील बीव्हर स्टेडियममध्ये मात्र एक लाख सहा हजारांवर प्रेक्षक बसतात, आणि स्टेडियम भरलेल्या दुपारी ते स्वतंत्र नगर धरले तर फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि ॲलनटाउन यांच्यानंतर राज्यातले ते चौथ्या क्रमांकाचे शहर ठरेल. मुंबईच्या वानखेडेसारखी तीन मैदाने त्यात मावतील. या तात्पुरत्या शहरातील नागरिकांनी रात्री झोपावे कोठे, याचे उत्तर गावातील हॉटेलांनी फार पूर्वीच शोधलेले आहे : दर चौपट, किमान दोन रात्रींची सक्ती, आणि तरीही जागा नाही. नियोजकांनी जुलै महिन्यात फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईने ‘कोणत्या वर्षासाठी?’ असे अत्यंत सौजन्याने विचारले. अखेर सुमारे चाळीस मैलांवरील, महामार्गाच्या एका फाट्यावर असलेल्या मोटेलात खोली मिळाली. तिच्या संकेतस्थळावर ‘स्टेडियमपासून सुलभ अंतरावर’ असे लिहिले होते, आणि हे अंतर कोणाला सुलभ असावे यावर नियोजक आणि लेखक यांच्यात जो वाद झाला त्यात आजींनी ‘आमच्याकडून महाबळेश्वर याहून जवळ आहे’ असा निर्वाळा दिला.

पानांचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. दिवस लहान होऊ लागले की झाड पानांतील हरितद्रव्य मोडीत काढते, त्याखाली झाकलेले पिवळे-नारिंगी रंग उघडे पडतात, आणि मेपलसारखी काही झाडे स्वच्छ ऊन व गार रात्री मिळाल्यास लाल रंग नव्याने तयार करतात. राज्याचे वनखाते कोणत्या जिल्ह्यात रंग किती चढला आहे याचा अहवाल दर आठवड्याला प्रसिद्ध करते, आणि मध्य पेनसिल्व्हेनियात हा बहर साधारण ऑक्टोबरच्या मध्याला येतो. नियोजकांनी तो शनिवार धरला. तारीख मिळाली, तिकिटे मिळाली, गाडी उभी करण्याचा परवाना वेगळे पैसे भरून मिळाला. तक्त्यातील फक्त एक चौकोन रिकामा राहिला, आणि तेथे विद्यापीठाच्या वेळापत्रकातील मजकूर जसाच्या तसा मराठीत उतरवण्यात आला : सामन्याची वेळ नंतर कळवण्यात येईल.

या रिकाम्या चौकोनाची कारणमीमांसा थोडी सविस्तर करणे भाग आहे. १९८४ सालापर्यंत कोणत्या संघाचे किती सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत हे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना ठरवीत असे. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी आहे असा निकाल दिला आणि सामने विकण्याचा बाजार मोकळा झाला. आज हे हक्क प्रामुख्याने विद्यापीठांचे गट विकतात. पेन स्टेट ज्या गटात आहे त्याचे नाव ‘बिग टेन’ असून त्यात अठरा विद्यापीठे आहेत, ही गोष्ट अंकगणिताच्या दृष्टीने कशीही असली तरी व्यापाराच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण २०२३ पासून सुरू झालेला या गटाचा सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. तीन मोठ्या वाहिन्यांनी शनिवार वाटून घेतला आहे : दुपारी बारा, साडेतीन, आणि संध्याकाळी साडेसात. कोणता सामना कोणत्या वेळी लावावयाचा हे बऱ्याच सामन्यांच्या बाबतीत वाहिन्या बारा दिवस आधी सांगतात. आणि कोण जिंकते, कोण हरते, कोणाची किंमत वाढते हे आणखी थोडे पाहावेसे वाटले तर काही वेळा सहाच दिवस आधी सांगण्याची मुभाही त्यांनी करारात राखून ठेवली आहे.

नियोजकांनी यावर उपाय म्हणून तीन संपूर्ण प्रवास आखले. ‘अ’ प्रवासात सामना आधी आणि पाने नंतर होती, ‘क’ प्रवासात पाने आधी आणि सामना नंतर होता, आणि ‘ब’ प्रवासात सामना दुपारी साडेतीनला, म्हणजे ऐन मध्यावर येत असल्यामुळे पाने गाडीच्या खिडकीतून, जाता-येता, ताशी पासष्ट मैल वेगाने पाहावयाची होती. तिन्हींसाठी जेवणाच्या वेगळ्या वेळा, आजींच्या रक्तदाबाच्या गोळीच्या वेगळ्या वेळा आणि लेखकाच्या पोटाच्या तक्रारी गृहीत धरून थांबण्याची वेगळी ठिकाणे ठरवण्यात आली. बारा दिवस उरले तेव्हा सर्व कुटुंब फोनभोवती जमले, आणि निर्णय सहा दिवसांपर्यंत पुढे ढकलल्याचे कळले. ग्रहण किती वाजता लागणार ते पंचांगात वर्षभर आधी छापतात आणि या लोकांना स्वतःचा खेळ केव्हा आहे ते ठाऊक नाही, असे आजी म्हणाल्या. त्यावर कोणालाही उत्तर सुचले नाही.

विनोद बाजूला ठेवून येथे एवढे नोंदवणे आवश्यक वाटते की ही व्यवस्था उद्दाम आहे. दूरच्या गावांहून महिनोन्‌महिने आधी पैसे भरून येणारी, म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत आणणारी लाखभर माणसे या व्यवहारात गिऱ्हाईकसुद्धा धरली जात नाहीत. घरी सोफ्यावर बसलेल्याला मैदान भरलेले दिसावे एवढ्यापुरतीच त्यांची गरज आहे, आणि त्या गरजेचे पैसेही त्यांच्याकडूनच घेतले जातात.

सहा दिवस उरले असता वेळ जाहीर झाली : दुपारी बारा. चाळीस मैलांवरून, एक लाख माणसांच्या वाटेने, तेही सामन्यापूर्वी मैदानाबाहेर गाडीची डिकी उघडून तेथेच खाण्यापिण्याचा जो ‘टेलगेटिंग’ नावाचा विधी असतो त्यासाठी वेळ ठेवून पोहोचावयाचे, म्हणजे अंधारात निघणे आले. शुक्रवारी कचेरी आटोपून निघाल्यामुळे डेलावेअर नदीची सुप्रसिद्ध खिंड काळोखात ओलांडली. शनिवारी पहाटे धुके होते. पाने बहुधा दोन्ही बाजूंना असावीत.

स्टेडियमच्या दाराशी आजींची पिशवी अडवण्यात आली. अमेरिकेतील मोठ्या मैदानांवर आता बारा इंच लांब, सहा इंच रुंद आणि बारा इंच उंच एवढ्याच मापाची पारदर्शक पिशवी नेता येते, आणि आजींची पिशवी या नियमाच्या प्रत्येक कलमात नापास होत होती. ती गाडीपर्यंत परत नेण्याचे काम लेखकाला देण्यात आले. संपूर्ण प्रवासात त्याच्यावर सोपवलेली ही एकमेव जबाबदारी. गाड्यांचे कुरण मैलभर पसरलेले असल्यामुळे तो परतला तेव्हा ‘ब्लू बँड’ या वाद्यवृंदाचा प्रमुख मैदानात जी कोलांटी मारतो आणि जी साधली तर संघ जिंकतो असा समज आहे, ती कोलांटी होऊन गेलेली होती.

खेळ कळण्याच्या बाबतीत आजींनी लेखकाला मागे टाकले. लेखकाने नियमावली वाचलेली होती. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो, हेही त्याने तोंडपाठ केले होते, तरी समोर बावीस माणसांचा ढीग पडला की चेंडू कोठे आहे हे त्याला एकदाही दिसले नाही. आजींनी थोडा वेळ पाहिले, दहा यार्डांची साखळी घेऊन अंतर मोजणारी माणसे मैदानात आली तेव्हा त्या ताठ बसल्या, आणि हे बांधाचे भांडण असून मोजणीदार आलेला आहे असे त्यांनी जाहीर केले. शेतजमिनीच्या दाव्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या बाईला यापुढे काहीही समजावून सांगावे लागले नाही. घड्याळी साठ मिनिटांचा हा खेळ प्रत्यक्षात साडेतीन तास चालतो, याचेही त्यांना नवल वाटले नाही. त्यांचा दावा याहून लांबला होता.

लेखकाच्या बहिणीने मात्र खेळ पाहिलाच नाही. तिच्या हातात दुर्बीण होती आणि ती समोरच्या टोकाच्या विद्यार्थी-विभागावर रोखलेली होती. मुलाने सकाळी कळवले होते की तो तेथे आहे आणि ओळखावयास सोपे जावे म्हणून पांढरा सदरा घातला आहे. पेन स्टेटचे रंग निळा आणि पांढरा. ठरावीक सामन्याला सर्व विद्यार्थ्यांनी पांढरे कपडे घालावेत अशी प्रथा तेथे २००४ साली सुरू झाली, २००७ साली ती सबंध स्टेडियमने उचलली, आणि त्या दिवशीचा सामना तो ठरलेला सामना नसला तरी अंगवळणी पडलेले असे सहज सुटत नाही. तेथे वीस हजारांवर मुले होती आणि बहुतेक सर्वांनी पांढरा सदरा घातला होता. फोन लागत नव्हते, कारण लाखभर माणसे एकाच वेळी फोन लावीत होती. तरीही ती एका टोकापासून ओळीने पाहत गेली, रांग संपली की खालच्या रांगेवर उतरली, आणि मध्येच ‘हा नव्हे’, ‘हा नव्हे’ असे हलक्या आवाजात म्हणत राहिली. नियोजक तिला ‘अगं, खेळ बघ’ म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांनीही दुर्बीण मागून घेतली.

सामना यजमानांनी जिंकला. विद्यापीठाच्या ‘बर्की क्रीमरी’त आइस्क्रीम खाल्ले नाही, कारण रांग इमारतीला वळसा घालून गेली होती. नामांकित आइस्क्रीमवाल्या बेन आणि जेरी या जोडीने आइस्क्रीम बनवण्याचा टपाली अभ्यासक्रम याच विद्यापीठातून पाच डॉलरमध्ये केला होता, हे रांगेतील अनोळखी माणसांना सांगून लेखकाने आपल्यापुरते समाधान करून घेतले.

यानंतर तक्त्यानुसार कुरणातून वीस मिनिटांत बाहेर पडावयाचे होते. कुरणात हजारो गाड्या होत्या आणि बाहेर पडण्याचा मार्ग पोलिसांनी एकेरी केलेला होता. तासाभरात गाडी स्वतःच्या लांबीइतकीही हलली नाही. नियोजक सुकाणूवर डोके टेकून बसले. अशा वेळी चिरंजीव, आवाज पूर्णपणे बसलेला, सदरा पांढरा, आणि सोबत तसेच तीन मित्र, गाड्यांच्या रांगांमधून वाट काढीत हजर झाले. तुम्ही अजून इथेच असणार हे माहीत होते, असे त्यांनी खुणेने सांगितले. डिकी उघडली गेली. आजींच्या नापास पिशवीतून मेथीच्या दशम्या, लसणाची चटणी आणि गुळांबा निघाला, आणि टेलगेटिंगचा विधी सामना संपल्यानंतर यथासांग सुरू झाला.

तो अर्ध्यावर आला असता पुढची रांग सरकली आणि वाहतूक सांभाळणाऱ्या वृद्ध स्वयंसेवकाने गाडी पुढे घेण्याची खूण केली. नियोजक खाली उतरले आणि नव्या कोऱ्या गाडीचे बॉनेट उघडून आत गंभीरपणे पाहू लागले. स्वयंसेवक चौकशीसाठी जवळ येताच लेखक पुढे झाला आणि १९६० साली हे स्टेडियम जुन्या जागेवरून लोखंडी सांगाड्याचे तुकडे सुटे करून येथे आणून पुन्हा जोडण्यात आले, हे त्यास ठाऊक आहे काय असे त्याने विचारले. स्वयंसेवकास ते ठाऊक होते. इतकेच नव्हे तर त्यापूर्वीचे आणि त्यानंतरचेही बरेच ठाऊक होते, ते सांगण्याची संधी त्यास फार दिवसांत मिळालेली नसावी, आणि त्याचे सांगून संपेपर्यंत मागच्या चाळीसएक गाड्या वळसा घालून निघून गेल्या व दशम्यांचा डबा रिकामा झाला.