शेळ्या वाटून झाल्या, आता वकील द्या

गडचिरोलीतल्या गरिबीवर निधी मागणारे प्रस्ताव बहुधा एकाच सुरात सुरू होतात: जिल्हा दुर्गम आहे, साधनहीन आहे. दुर्गम, कबूल. साधनहीन म्हणणं मात्र धडधडीत खोटं आहे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली. त्यात बांबू, तेंदू, मोह, हिरडा. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी या नद्या. आणि याच जिल्ह्यातली माणसं धान घरात आलं की मुलाबाळांसह तेलंगणात मिरची तोडायला जातात. इतक्या मालाच्या राशीवर बसलेला माणूस मजुरीला परमुलखात का जातो, याचं उत्तर शेळीवाटपात सापडणार नाही. जंगलातून माल बाहेर काढायच्या कागदावर सही कुणाची असते, ते आधी बघा.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ते फार पूर्वी बघितलं. त्यांच्यासोबत ‘वृक्षमित्र’ ही संस्था होती, तिचे मोहन हिराबाई हिरालाल होते. या संस्थेने गावात काय वाटलं? काहीच नाही. गावकऱ्यांबरोबर बसून कायदे वाचले. अभ्यासगट चालवला. ग्रामसभेत बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायची रीत गावाने धरली, त्यात बायकांचं मत आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या या गावाने नुसती भिंतीवर रंगवून ठेवली नाही.

वनहक्क कायदा 2006चा. त्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्वच्छ लिहिलेला. मेंढ्याला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला निघाल्यावर वनखातं वाहतूक परवाना देईना. ज्या बांबूवर कागद कारखान्यांचा वर्षानुवर्षे सवलतीत हक्क होता, तो गावाने विकायचा म्हटल्यावर नियम आठवले! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका परवाना-पुस्तकासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री दोघांनाही गावात यावं लागलं. गरिबी कशी टिकवली जाते, ते मला या एका प्रसंगातून जितकं कळलं तितकं कुठल्या पाहणी अहवालातून कळलं नाही.

आता देणगीदारांकडे वळतो. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायची जबाबदारी टाकली. त्यातून शिलाई मशीन येतं, सौरदिवा येतो, शेळी येते. शेळी वाईट नाही. अडल्या वेळी विकली की दवाखाना भागतो. पण ग्रामसभेला हिशेबनीस हवा असेल, करारनामा वाचणारा वकील हवा असेल, तर पैसा देणारा सापडत नाही. हिशेबाच्या वहीचा फोटो काढून तो काय दाखवणार?

मेंढा एकच आहे, सगळीकडे ते जमणार नाही, असं म्हणणारे भेटतात. मेंढ्यामागे कित्येक वर्षांचा अभ्यास आहे हे खरंच. म्हणून तर बाकीच्या गावांच्या अभ्यासाला पैसा लागतो! कुरखेड्याची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था 1984पासून त्या मुलखात आहे. आरोग्यापासून वनहक्कापर्यंत तिचं काम पोचलं, कारण ती तिथे टिकून राहिली. तीन वर्षांत प्रकल्प गुंडाळणाऱ्यांना हे साधणार नाही.

खनिजाचं तर विचारूच नका. खाण कायद्याच्या 2015च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण-जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आलं. खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी तिथे पैसा जमतो. अनुसूचित क्षेत्रात या निधीतल्या कामांना ग्रामसभेची मंजुरी हवी, असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. कोणत्या गावाने कोणतं काम मागितलं, कोणतं नाकारलं आणि प्रत्यक्षात काय झालं, याची यादी एटापल्लीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर लावा. गरिबीवर काम करणाऱ्या संस्थांनी एवढी एक मागणी तरी एका आवाजात करावी.

उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे झाले की एक गोणी. पहाटे रानात जाऊन पानं तोडायची आणि भर उन्हात बसून ती बांधायची. कित्येक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात, आणि कंत्राटदाराने पैसे थकवले की त्यांनाच तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. ज्या संस्थेला, ज्या कंपनीला गडचिरोलीची खरोखर कणव आहे, तिने पुढच्या हंगामाच्या करारांआधी दर दहा ग्रामसभांमागे एक वकील आणि एक हिशेबनीस नेमून द्यावा. पगार पाच वर्षांचा.