पंचविसावा ठोका

ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी, ही व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप होय. तो आकडा लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, हाती पोहोचवणाऱ्या कोडला ड्रायव्हर म्हणतात. काम एवढेच. तरी हा कोड शेकडो ओळींचा होतो, कारण चिप आपल्याच अटींवर बोलते, कर्नल आपल्याच अटींवर ऐकतो, आणि दोघांपैकी कोणीही एक पाऊल मागे घेत नाही.

एचएक्स७११ ही या जातीची स्वस्त आणि मस्त चिप. तिचा मुक्काम इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असतो. ताटात कांदे टाकले की ताटाखालचा लोड सेल वजनाने किंचित वाकतो आणि त्यातून किंचित व्होल्टेज निघते. सेलवर ‘२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट’ असे लिहिलेले असेल आणि त्याला ५ व्होल्ट दिले, तर काटा पूर्ण भरल्यावर हाती लागतात अवघे १० मिलिव्होल्ट. चिप ते १२८ पट वाढवते आणि २४ बिटांचा भरघोस आकडा बनवते. हे ती सेकंदाला १० किंवा ८० वेळा करते. शेवटचे काही बिट कांद्याबद्दल नसून केवळ गोंगाटाबद्दल माहिती देतात. पण देतात मात्र न चुकता.

चिपशी बोलायला दोन तारा असतात, एक घड्याळाची आणि एक उत्तराची. उत्तराची तार खाली आली की आकडा तयार झाला असे समजायचे. मग घड्याळाच्या तारेवर एक ठोका द्यायचा, एक बिट घ्यायचा. २४ ठोक्यांत २४ बिट येतात आणि शहाण्या माणसाच्या मते काम संपते. चिपच्या मते संपत नाही. तिला पंचविसावा ठोका लागतो. एकूण ठोके २५ झाले तर पुढचे मोजमाप ‘ए’ चॅनेलचे, १२८ पटीने. २६ झाले तर ‘बी’ चॅनेलचे, ३२ पटीने. २७ झाले तर पुन्हा ‘ए’चे, पण ६४ पटीने. म्हणजे पुढच्या खेपेला काय हवे ते याच खेपेला सांगून ठेवायचे. पट बदलायची असेल, तर नको असलेले एक मोजमाप आधी मुकाट्याने वाचून टाकावे लागते. २८ ठोके देऊ नयेत, असे डेटाशीट बजावते.

ठोक्याच्या लांबीलाही मर्यादा आहे. घड्याळाची तार ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त काळ वर राहिली, तर चिप झोपी जाते. वीज वाचवण्यासाठी ही सोय उत्तमच. अडचण एवढीच की कर्नलला इतरही कामे असतात. तार वर असतानाच नेटवर्क कार्डाने हाक मारली, कर्नल तिकडे गेला आणि परत आला, तोवर चिप निजलेली असते. उठवली की ती १२८ पटीवर परत जाते आणि सेकंदाला १० मोजमापांच्या वेगात असेल, तर स्थिरस्थावर व्हायला ४०० मिलिसेकंद घेते. म्हणून तार वर असेपर्यंत ड्रायव्हर इंटरप्टच, म्हणजे असल्या हाकाच, बंद ठेवतो. त्या क्षणी प्रोसेसरने कांद्याखेरीज कोणाचेही ऐकायचे नसते.

आकडा आला, तरी त्याचे मिलिव्होल्ट ड्रायव्हर करत नाही. असली उपकरणे कर्नलमध्ये ‘इंडस्ट्रियल आयओ’ या विभागात मोडतात. जोनाथन कॅमेरॉन यांचा हा विभाग २००९ साली कर्नलच्या ‘स्टेजिंग’मध्ये, म्हणजे उमेदवारांच्या दालनात, आला आणि २०१२ साली त्याचा गाभा तिथून बाहेर पडला. इथला दंडक असा: कच्चा आकडा एका फायलीत ठेवावा, एका पायरीची किंमत दुसऱ्या फायलीत ठेवावी, आणि गुणाकार ज्याला हवा त्याने करावा.

ही किंमत काढणेही सोपे नाही. ५ व्होल्टना आधी १२८ने आणि मग दोनाच्या चोविसाव्या घाताने, म्हणजे १,६७,७७,२१६ने भागायचे. उत्तर येते सुमारे २.३३ नॅनोव्होल्ट. पण कर्नलमध्ये दशांश चिन्हाला मज्जाव आहे आणि पूर्णांकही ३२ बिटांत मावला पाहिजे. त्यामुळे ड्रायव्हर व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये घेतो, १००ने गुणतो, पटीने भागतो आणि शेवटी १६७८ने भागतो. खरा भाजक १६७७.७२१६, उरलेले पूर्णांकाच्या पदरात घातलेले असते. या उदारपणाने दहा किलोंमागे सुमारे १.७ ग्रॅमचा फरक पडेल. तो पडत नाही, कारण ओळखीचे वजन ठेवून काटा जुळवताना ही चूकही त्यात जिरून जाते.

चिप कोणत्या पिनांना जोडली आहे, हे ड्रायव्हरमध्ये लिहायचे नसते. ते ‘डिव्हाइस ट्री’ या वेगळ्या फायलीत येते आणि त्या फायलीत काय लिहावे याची नियमावली आणखी तिसऱ्या फायलीत. मशीन सुरू होताना ड्रायव्हरच्या ‘प्रोब’ची, म्हणजे चिपची जुळणी करणाऱ्या भागाची, पाळी येते. तेव्हा वीज देणारा रेग्युलेटर अजून उठलेला नसेल, तर उत्तर मिळते उणे ५१७. सरकारी कचेरीत ‘साहेब जागेवर नाहीत’ला जे स्थान, तेच कर्नलमध्ये या आकड्याला: काम नाकारलेले नसते, फक्त पुन्हा यायचे असते.

कोड चालू लागला की तो मुख्य कर्नलमध्ये घालण्याची प्रक्रिया सुरू होते. लेखनशैलीचा दस्तऐवज लिनक्सचे जनक लायनस टॉर्व्हाल्ड्स यांचा आहे. तो सुरुवातीलाच ग्नू प्रकल्पाची शैलीपुस्तिका छापून घ्यायला आणि न वाचता जाळायला सांगतो. टॅब आठ अक्षरांचा हवा, आणि तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावे लागले, तर दोष टॅबचा नसून कोडचा मानावा. ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट लांब ओळी शोधते; २०२० साली तिने ८० अक्षरांची हद्द १००वर नेली. प्रत्येक पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, लिहिणाऱ्याच्या सहीची ओळ लागते. त्यानंतर तपासनीस येतात. चिप ६० मायक्रोसेकंदांत झोपते, हे त्यांना मान्य असते. यादीच्या शेवटच्या रिकाम्या नोंदीनंतर स्वल्पविराम का दिला, हे मात्र मान्य नसते. स्वल्पविराम काढून दुसरी आवृत्ती पाठवावी लागते. तिच्यात, पहिल्या वेळी कोणाच्याही नजरेस न आलेली एक मोकळी जागा सापडते.

ड्रायव्हर स्वीकारला गेला की कर्नलची आतली रचना पुढे कितीही बदलली, तरी ती बदलणाऱ्यालाच तो दुरुस्त करावा लागतो. इतक्या सोपस्कारांचा हा खरा मोबदला. त्या बदल्यात ‘मेंटेनर्स’ या फायलीत लिहिणाऱ्याचे नाव आणि ईमेल पत्ता नोंदवला जाऊ शकतो. वजन चुकते आहे, अशी तक्रार मग त्याच पत्त्यावर येते. ड्रायव्हरमध्ये मायक्रोसेकंद, नॅनोव्होल्ट आणि ठोके असतात. वजनाबद्दल तिथे गुणाकारसुद्धा नसतो.