सेम टू सेम मोरपिशी

गणपती दीड महिन्यावर आले, घराघरांत रंगकामाची बोलणी सुरू झाली, की प्रत्येक सोसायटीत एका काकांच्या अंगात येतं. एरवी त्यांचा कुणाला उपद्रव नसतो. पण हॉलची एक भिंत गडद करायची असं घरात ठरायचा अवकाश, काका पिशवी घेऊन निघालेच. गडद म्हणजे मोरपिशी. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर निळसर आणि रात्री ट्यूबलाइटखाली चक्क काळा. हा रंग त्यांना एका कंपनीच्या शेडकार्डात सापडलेला असतो आणि पसंतही पडलेला असतो. इथे आपल्यासारखा माणूस डबा उचलून घरी जातो. काका विचारतात, "हीच शेड दुसऱ्या कंपनीत कुठली?"

चार पैसे वाचले तर त्यांना हवेच आहेत, पण मुद्दा तो नाही. एकाच कंपनीच्या शब्दावर विसंबून भिंत रंगवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे पिशवीत एशियन, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स अशी सगळी घराणी गुण्यागोविंदाने नांदतात. "उद्या आणून देतो" म्हणून दुकानदाराकडून नेलेला जाडजूड शेडपंखाही तिथेच असतो. तो उद्या अजून उजाडलेला नाही. बँकेच्या जुन्या डायरीत शेडचे नंबर पेन्सिलीने समोरासमोर मांडलेले असतात. काकू मात्र ही पिशवी बाहेर पडताना तपासतात, कारण मागे एकदा मोरपिशी ब्लाउजपीसचा कोपरा 'नमुना' म्हणून कात्रीखाली गेला होता.

पुण्यातले असतील तर काका बोहरी आळीत जातात. दुकानदार म्हणतो, "काका, नमुना द्या, मशीनवर जवळची शेड काढून देतो."

"जवळची नको. सेम टू सेम."

मग दोन कार्डं हातात घेऊन काका थेट रस्त्यावर उतरतात. मागे टेम्पोवाला हॉर्न बडवतोय, हमाल "ओ काका, बाजूला" म्हणून ओरडतोय आणि काका दोन चौकोन उन्हात एकमेकांना चिकटवून, एक डोळा मिटून उभे. यात ते शंभर टक्के बरोबर आहेत, हे मान्य करायला हवं. दोन कंपन्या एकच रंग वेगवेगळी रंगद्रव्यं घालून बनवतात. दिवसाउजेडी जुळलेली जोडी म्हणूनच पिवळ्या बल्बखाली फारकत घेते. शिवाय अशी गडद शेड पांढऱ्या बेसमध्ये उतरतच नाही. तिला वेगळा, जवळजवळ पांढरेपणा नसलेला बेस लागतो आणि मशीन त्यात निळा, हिरवा, काळा असं मोजून मापून सोडतं. एका कंपनीचं माप दुसरीच्या बेसला लागू पडत नाही. हे दुकानदाराला माहीत असतं, पेंटरला माहीत असतं आणि काकांना तर तोंडपाठ असतं. उजेड परतवण्याच्या मापात काळ्याला ०, पांढऱ्याला १०० आणि आपली मोरपिशी १० च्या आत, हेही ते विचारलं नसताना सांगतात. एका शेडचा आकडा ६ आणि दुसरीचा ७ निघाला, तर पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखी मान हलवतात.

घरात तोवर खिडकीशेजारी नमुन्यांचे चौकोन वाढत जातात. "साहेब, वाळू द्या," पेंटर कळवळून सांगतो. ओलं इमल्शन दुधाळ दिसतं, वाळलं की गडद होतं, आणि पावसाळ्यात वाळायला वेळ घेतं. काकांना तेवढा दम नसतो. ते पंखा लावतात. आल्यागेल्याला चहाआधी भिंतीसमोर उभं केलं जातं. "या दोघांतली हिरवट कुठली?" पाहुणा अंदाजाने डावीकडे बोट दाखवतो. काकांचा चेहरा खुलतो. दोन्ही चौकोन एकाच डब्यातले असतात. डाव्याला एक हात मारलेला, उजव्याला दोन. पाहुणा नापास झाला, तरी चहा मिळतो.

मशीनमध्ये रंग ढवळला जात असताना काका गट्टूच्या आठवणी काढतात. हातात ब्रश आणि डबा घेतलेला तो खट्याळ पोरगा आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढला. "तेव्हा कसं, शेड मोजक्या होत्या. माणूस दुकानात जायचा, डबा घ्यायचा, यायचा." हे बोलताना काकांचा चेहरा अगदी सरळ असतो.

चतुर्थी तोंडावर येते. पेंटर दुसरं काम धरायची धमकी देतो, काकू बोलणं बंद करतात आणि काका गुपचूप पहिल्याच कंपनीची पहिलीच शेड आणतात. भिंत झकास होते. मग तिच्यापुढे मखर येतं, मखरामागे पांढरा पडदा येतो आणि गणपतीत आलेल्या कुणालाही मोरपिशी दिसत नाही.

तुमच्याकडे रंगकाम निघालंच, तर काकांचा सल्ला जरूर घ्या, माणूस जाणकार आहे. फक्त सगळे डबे एकदम आणि एकाच बॅचचे घ्या. झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. पुढे भिंतीला खिळा-ओरखडा होतोच, म्हणून अर्धा लिटर रंग उरवून माळ्यावर टाका. आणि तो उरवलाय, हे काकांना मात्र सांगू नका.