हवेचे फौजदार

फौजदारांनी आयुष्यात कधी खाकी घातलेली नाही. मुळातले सांगलीचे, घर मिनिआपोलिसच्या पश्चिमेला एका उपनगरात, पेशाने डेटाबेस सांभाळणारे. पण दर दोन वाक्यांत एकदा त्यांच्या तोंडी ‘पीएसआय’ येतं, म्हणून मराठी मंडळात कुणीतरी त्यांना फौजदार केलं आणि ते नाव चिकटलं. त्यांचा पीएसआय पोलिसातला नव्हे, टायरच्या हवेतला. तोही मोटारीच्या टायरचा नव्हे. मोटारीच्या टायरवर ते फार तर पाच मिनिटं बोलतात. बोटीचा ट्रेलर हा त्यांचा खरा इलाखा.

काही माणसं एका आकड्यावर जगतात. कुणाचा आकडा उपाशीपोटीच्या साखरेचा असतो, कुणाचा गाडीच्या ॲव्हरेजचा, कुणाचा दादरला १९९१ साली फ्लॅट किती लाखांत मिळत होता त्याचा. विषय कुठलाही निघो, माणूस फिरून त्याच आकड्यावर येतो. फौजदारांचा आकडा ५०.

बोट आहे म्हणजे माणूस बडा असेल, असं कुणाला वाटू नये. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि नोंदलेल्या बोटी आठ लाखांहून जास्त. सुतार, शिक्षक, नर्स, कुणाच्याही घराच्या बाजूला ताडपत्री घातलेली एक बोट उभी असते. फौजदारांची बोट अठरा फुटी, ॲल्युमिनियमची, मासे पकडायची. स्वतः फौजदार मात्र पक्के शाकाहारी. केकसुद्धा ‘अंडं आहे का’ विचारून खातात. बोट खरं तर वहिनींची. वहिनी मालवणच्या. मे महिन्यात वॉलाय माशाचा हंगाम उघडला की गळ टाकणाऱ्या त्या, मासा साफ करणाऱ्या त्या आणि रवा लावून तळणाऱ्याही त्याच. फौजदारांचं पाण्याशी काही देणंघेणं नाही. ट्रेलर जिथे पाण्याला टेकतो तिथे त्यांची हद्द संपते.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला पंचनामा सुरू होतो. पाचलाच का, तर टायर थंड हवा. ट्रेलर निदान तीन तास जागचा हललेला नसावा, टायरवर ऊन आलेलं नसावं, तेव्हाच त्या मोजमापाला अर्थ. गेज तीन आहेत: एक पेनासारखा खिशात राहणारा, एक काट्याचा, एक डिजिटल. पहिला ५१ म्हणतो, दुसरा ४९, तिसरा साडेएकोणपन्नास. तुम्ही-आम्ही सरासरी काढून मोकळे झालो असतो. फौजदार तिघांचे जबाब वहीत वेगवेगळे नोंदवतात. शेजारी तारीख, बाहेरचं तापमान, डावं चाक, उजवं चाक, स्टेपनी. मग ड्राइव्हवेवर गुडघे टेकून व्हॉल्व्हच्या तोंडाला बोटाने थुंकी लावतात आणि श्वास रोखून बुडबुडा येतो का बघतात. ही विद्या सांगलीच्या पंक्चरवाल्याची. समोरचे निवृत्त आजोबा त्या वेळी कुत्रं फिरवत असतात. हा काहीतरी धार्मिक विधी असावा अशी त्यांची समजूत झाली आहे. ते टोपी काढून पुढे जातात.

ट्रेलरच्या एका बाजूला ऊन पडतं, आणि उन्हातला टायर सावलीतल्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून त्या चाकावर एकेकाळी सोलापुरी चादर असायची. उन्हाने रबराला भेगा पडतात हेही कारण होतं, पण दोन्ही चाकांचे आकडे जुळावेत ही खरी तळमळ. चादर वहिनींच्या आईने दिलेली होती. त्यावर घरात एकदाच बोलणं झालं. आता तिथे जुनी सतरंजी असते.

मंडळाच्या गणपतीत एका नव्या मुलाने बोट घेतल्याची बातमी दिली. लोकांनी अभिनंदन केलं. फौजदारांनी विचारलं, “हवा किती ठेवलीस?”

“गाडीत ३५ घालतो काका, ट्रेलरमध्येपण तेवढीच घातली.”

फौजदारांनी हातातला मोदक खाली ठेवला. “टायरवर काय लिहिलंय?”

“एसटी असं काहीतरी.”

“एसटी म्हणजे?”

मुलगा धुळ्याचा. तो खालच्या आवाजात म्हणाला, “महामंडळ?”

एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, हे त्याला तिथे आरतीच्या रांगेत कळलं, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या पंधरा जणांनाही. मोटारीच्या टायरच्या अंगावर जो आकडा असतो तो कमाल असतो, तेवढी हवा भरायची नसते; तिथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर पाळायचं. ट्रेलरला दार नाही. त्याच्या सांगाड्यावर डाव्या बाजूला, पुढे, कंपनीची पट्टी असते. त्या पट्टीवर आणि टायरच्या अंगावर बहुतेक वेळा एकच आकडा सापडतो, आणि तो भरायचाच असतो. या मुलाच्या मापाचा, चौदा इंची, लोड रेंज सी जातीचा टायर १,७६० पौंड पेलतो, पण थंड असताना आत ५० पीएसआय असेल तरच. ३५ वर तोच टायर १,४३० च्या आसपास येतो. “ओझं हवा उचलते रे, रबर नाही. रबर फक्त हवेला धरून ठेवतं.” हे वाक्य फौजदारांचं आवडतं आहे आणि खरंही आहे.

मग त्यांनी रुमालावर हिशेब मांडला. बोट, इंजिन, बॅटऱ्या, गॅलनमागे सहा पौंडांनी पेट्रोल, ट्रेलरचं स्वतःचं वजन, सगळं मिळून तीन हजार. चाकं दोन. “म्हणजे १,४३० च्या टायरवर १,५०० ठेवून तू ताशी सत्तर मैलांनी जुलैच्या उन्हात जाणार.” हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला बाजूने दबतो आणि पुन्हा सरळ होतो, त्या मुरडण्यात तो तापतो, आतले थर सुटत जातात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रेडियल टायर हवा पुरेशी असली तरी पोट सुटलेल्या माणसासारखाच दिसतो, त्यामुळे लाथ मारून अंदाज घेण्यात अर्थ नाही. आरती संपली होती. प्रसाद गार झाला होता. मुलगा गोरामोरा.

याला विरोधी पक्षही आहे. त्यांना मी टेबलवाले म्हणतो. त्यात मुख्यतः इंजिनिअर. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्या हवेला किती वजन याचं कोष्टक छापलेलं असतं. तीन हजारांच्या ओझ्याला ४० पुरते, तिथे टायर १,५३० पेलतो. उगाच ५० ठोकली तर हलकी बोट खड्ड्याखड्ड्यात उडते, स्क्रू ढिले होतात, गळांच्या पेट्या सांडतात. म्हणणं चूक नाही. मी स्वतः फौजदारांच्या ट्रेलरमागून गाडी चालवली आहे. रिकामी बोट खरंच नाचते. पण फौजदार एवढंच विचारतात, “शिल्लक किती राहिली? चाकामागे तीस पौंड. तुमचा कूलर केवढ्याचा?”

इथे टेबलवाले गप्प होतात, कारण कोष्टक वापरायचं तर आधी वजन ठाऊक हवं, आणि सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बोटीत काय काय भरलेलं असतं ते प्रत्यक्ष कुटुंबालाही ठाऊक नसतं. रस्त्यात बोट ही सामानाची ट्रॉली होते. तंबू, खुर्च्या, बर्फ, मसालेभाताचं पातेलं, ‘असू दे’ म्हणून ठेवलेलं दुसरं पातेलं. फौजदारांनी एकदा महामार्गावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर, अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत उभं राहून, बोट सामानासकट तोलून आणली. पावती त्यांनी लॅमिनेट केली. तेव्हापासून पातेली गाडीत, पाहुण्यांच्या मांडीवर.

त्यांच्याशी वाद घालताना २००० सालच्या ऑगस्टपर्यंत जाऊ देऊ नये. ते त्यांचं पानिपत. फायरस्टोनने तेव्हा ६५ लाख टायर परत मागवले होते, आणि फोर्ड एक्स्प्लोररच्या त्या टायरांत हवा २६ असावी की ३० यावर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. त्यातून त्याच वर्षी कायदा झाला, आणि पुढे २००८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत कमी हवेचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. ट्रेलर त्यातून सुटला. ट्रेलरला दिवा नाही म्हणून फौजदार आहेत.

दुसऱ्यांच्या टायरचं वय काढण्यात तर त्यांचा हात कुणी धरणार नाही. टायरच्या अंगावर डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटी चार अंक असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कुणाकडे जेवायला गेले की फौजदार चपला काढायच्या आधी अंगणातल्या ट्रेलरपाशी ओणवे होतात. “गोटा झालेला नाही, नक्षी नवीकोरी आहे, पण आठ वर्षांचा झालाय. आतून गेला.” ट्रेलर वर्षातून जेमतेम चार महिने पळतो, बाकीचे महिने उभा राहतो, त्यामुळे त्याचे टायर झिजून नव्हे तर उभ्या उभ्या म्हातारे होऊन जातात. पाच-सहा वर्षांनी बदलायला हवेत. यजमानीणबाईंना मात्र नक्की कोण आतून गेलं ते कळत नाही आणि त्या घाबरतात.

रस्त्यावरचे फौजदार मुद्दाम बघण्यासारखे. मिल लॅक्सच्या तळ्याकडे जाणाऱ्या १६९ नंबरच्या रस्त्याने आम्ही निघतो. टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ट्रेलरचा टायर ६५ मैलांचा धरायचा, म्हणून फौजदार साठने जातात. आम्हाला शाळेच्या बसने मागे टाकलं आहे. मिलाकाला पंपावर थांबलं की ते आधी हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही हब चाचपतात, मग गेज लावतात. आता तो ५५ दाखवतो. सोबत एखादा उत्साही भाचा असतोच. तो म्हणतो, “मामा, जास्त झालीये, थोडी सोडू का?” आणि व्हॉल्व्हकडे हात नेतो. एरवी मवाळ असलेले फौजदार त्याचं मनगट धरतात. “गरम टायरची हवा सोडायची नाही!” पळून तापलेल्या टायरमध्ये हवा फुगणारच, ते वरचे पाच धरूनच टायर बनवलेला असतो. आत्ता सोडली तर उद्या सकाळी ४५ भरेल. थंडीचं गणितही तेच: दहा अंश फॅरनहाइटला एक पीएसआयहून थोडं जास्त. उबदार गॅरेजमध्ये ५० भरून ट्रेलर तीस अंशांनी गार हवेत काढला तर तीन-चार तिथेच गेले. भाच्याला हे सगळं पंपावर उभ्या उभ्या ऐकावं लागतं. चहा राहतो.

तळ्यावर पोचल्यावर उताराच्या रांगेत लोक घाईत असतात. नेमक्या त्याच वेळी फौजदारांना थांबायचं असतं. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग बेअरिंग गंजतं. म्हणून हब निवेपर्यंत थांबणं आलं. कारण अगदी बरोबर आहे, पण मागच्या चार पिकअप ट्रकांना ते कोण सांगणार? फौजदार सांगतात. एकेकाच्या खिडकीपाशी जाऊन सांगतात. ते तिसऱ्या खिडकीपाशी असताना वहिनी बोटीचं बूच बसवतात (रस्त्यावरून बोट नेताना ते काढलेलंच असावं असा इथला कायदा आहे), हबला हात लावून बघतात, ड्रायव्हरच्या जागेवर बसतात आणि आरशात बघत एका दमात ट्रेलर सरळ पाण्यात उतरवतात. फौजदारांना रिव्हर्स घेताना ट्रेलर आजतागायत सरळ नेता आलेला नाही. डावीकडे वळवला की तो उजवीकडे जातो, यावर त्यांच्याकडे स्पष्टीकरण आहे, इलाज नाही.

ते काठावर राहतात. वहिनी तळ्याच्या मध्यावर, आणि हे रिकाम्या ट्रेलरपाशी घडीची खुर्ची टाकून, वही उघडून. जवळ कुणी नवखा आला की विचारतात, “स्टेपनी कधी बघितली होतीत?”

माणूस कंटाळवाणा आहे, हे वहिनीही कबूल करतात. पण त्यांचं म्हणणं खोडता येत नाही आणि त्यांचा टायर कधी फुटलेला नाही. तेव्हा ट्रेलर घेणार असाल तर टायरवर लिहिलेला आकडा वाचा, निघायच्या आधी थंड असताना तेवढी हवा भरा, स्टेपनीतही भरा, आणि वाटेत सोडू नका. यातलं काही अडलं तर फौजदारांना जरूर विचारा. फक्त त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.