महाभियोग कसा आणू नये: नवख्या सभासदासाठी धडे

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आला आहात. ४३५ जणांत तुमची ज्येष्ठता अगदी तळाची, ऑफिस मिळाले तेही लांबचे, आणि कॅपिटॉलकडे जाणाऱ्या भुयारी वाटेवर तुम्ही अजून रोज चुकता. चालायचेच. पण मतदारसंघातून फोन सुरू झाले आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "राष्ट्राध्यक्षाने एवढे केले, मग त्याला काढत का नाही?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसते. ते कसे द्यायचे नाही, हे शिकवण्यासाठी हे धडे.

धडा पहिला: शब्दाचा अर्थ

फोन करणाऱ्याला वाटते, महाभियोग म्हणजे हकालपट्टी. तसे नाही. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने आरोपपत्र दाखल करायचे, सिनेटने खटला चालवायचा आणि हजर सिनेटरांपैकी दोन तृतीयांश जणांनी दोषी म्हटले तरच माणूस खुर्चीवरून उठतो. सगळे १०० हजर असतील तर ६७. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ आणि पुन्हा २०२१) अशी राष्ट्राध्यक्षांवरची चार आरोपपत्रे आजवर सिनेटकडे गेली. चारही वेळा आरोपी सुटला. एवढे ऐकवले की निम्मे फोन आपोआप बंद होतात.

उरलेल्यांसाठी राज्यघटनेचा आधार घ्यावा. तिथे कारणे तीन दिली आहेत: देशद्रोह, लाचखोरी आणि 'इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन'. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना जॉर्ज मेसन यांनी नुसता 'गैरकारभार' हा शब्द सुचवला होता. हा फारच ढगळ आहे, अशी हरकत जेम्स मॅडिसन यांनी घेतली, म्हणून मेसननी तो बदलला. बदललेला शब्दही काही अंगाबरोबर बसला नाही. १९७० मध्ये जेराल्ड फोर्ड नावाच्या सभासदाने सरळ सांगून टाकले होते की, प्रतिनिधीगृहाच्या बहुमताला ज्या वेळी जे वाटेल तोच महाभियोगाचा गुन्हा. तो रोख एका न्यायाधीशावर होता. चार वर्षांनी महाभियोगाच्या नुसत्या धसक्यानेच राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले, आणि त्या खुर्चीवर बसले ते फोर्डच. ढगळ शब्दाला नावे ठेवू नका. 'हे चुकीचे आहे, पण त्या पातळीचे आहे का ते तपासावे लागेल' हे वाक्य त्याच शब्दातून निघते आणि ते वर्षानुवर्षे टिकते.

(भारतात राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाची तरतूद कलम ६१ मध्ये आहे, पण ती आजवर कधी वापरली गेली नाही. त्यामुळे दिल्लीच्या खासदारांना या धड्यांची गरज पडलेली नाही.)

धडा दुसरा: बेरीज

आता कागद-पेन्सिल घ्या. दुसऱ्या सभागृहात ६७ भरत नसतील तर तुमचा महाभियोग म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हरलेला खटला नुसता हरत नाही, तो आरोपीला प्रमाणपत्र देऊन जातो. ५ फेब्रुवारी २०२० रोजी सिनेटने ट्रम्प यांना पहिल्यांदा सोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचे पहिले पान कॅमेऱ्यांपुढे उंच धरले. मोठ्या ठळक अक्षरांत त्यांच्या सुटकेची बातमी. दहावीचा निकाल शेजाऱ्यांना दाखवावा तसे. क्लिंटन यांचे तर त्याहून छान झाले. डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग लागला आणि त्याच आठवड्यातल्या गॅलप चाचणीत त्यांची पसंती ७३ टक्क्यांवर गेली. ज्यांनी तो लावण्याचा चंग बांधला होता त्या न्यूट गिंग्रिच यांचे सभापतिपद मात्र नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतरच गेले, कारण त्यांच्या पक्षाच्या जागा वाढायच्या त्या घटल्या.

राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षातली आजवरची सर्वात मोठी फूट फेब्रुवारी २०२१ ची. ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मते पडली, त्यांत स्वपक्षाची सात. तरी दहा कमीच. जॉन्सन यांच्या वेळी मात्र एकच मत कमी पडले. ३५ विरुद्ध १९. हवी होती ३६.

धडा तिसरा: मागे कोण उभा आहे?

त्या एका मताकडे जरा बारकाईने बघा. जॉन्सन यांना उपराष्ट्राध्यक्ष नव्हता. ते गेले असते तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते. वेड स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते, बोलायला फटकळ, आणि त्यांची आर्थिक मते पक्षातल्याच मवाळांना झोप येऊ न देणारी. शिवाय खटल्यात वेड यांनी स्वतःच 'दोषी' असे मत दिले, म्हणजे स्वतःच्या बढतीला स्वतःच अनुमोदन. सात रिपब्लिकनांनी जॉन्सनना वाचवले. प्रत्येकाची कारणे वेगळी होती, पण आगीतून फुफाट्यात पडण्याची भीती हे त्यातले एक होते.

तेव्हा कोणत्याही राष्ट्राध्यक्षाबद्दल संताप येऊ लागला की आधी त्याच्या उपराष्ट्राध्यक्षाचा फोटो पाहावा. संताप बहुधा उतरतो.

धडा चौथा: मुहूर्त

पहिल्या वर्षी आणू नये. आत्ताच तर निवडून आलाय. दुसऱ्या वर्षी नको. मध्यावधी निवडणूक आहे. तिसऱ्या वर्षी चौकशी चालू असते. चौथ्या वर्षी जनताच काय ते ठरवेल. दुसरी कारकीर्द असेल तर काय, तो जाणारच आहे. २००६ मध्ये निवडणुकीआधीच डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या नॅन्सी पेलोसी यांनी जॉर्ज बुश यांच्यावर महाभियोग आणण्याचा विषय बंद केला होता. मार्च २०१९ मध्येही देशात फूट पडेल म्हणून त्या नकोच म्हणत होत्या. नऊ महिन्यांनी त्यांच्याच हातोड्याखाली ट्रम्प यांचा पहिला महाभियोग मंजूर झाला. त्या दिवशी काळ्या पोशाखात त्यांनी निकाल वाचला आणि आपल्या बाकांवरून टाळ्या वाजू लागताच नजरेनेच दटावून त्या थांबवल्या. लग्नघरात आणि सुतकात कसे वागायचे, यातला फरक कळणाऱ्या बाई.

धडा पाचवा: तुमचा मतदार

हा धडा दोनदा वाचा. जानेवारी २०२१ मध्ये कॅपिटॉलवर हल्ला झाल्यानंतर आठवड्याभरात दहा रिपब्लिकनांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिले. चौघांनी पुढची निवडणूक लढवलीच नाही. चौघे २०२२ च्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवण्याच्या फेरीत, पडले. दोघेच परतले. लिझ चेनी यांनी २०२० मध्ये वायोमिंगमध्ये दोन तृतीयांशाहून जास्त मते घेतली होती. ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत त्यांना सुमारे २९ टक्के मिळाली. बाई बदलल्या नव्हत्या, राज्य तेच, पक्ष तोच.

परतलेले दोघे कॅलिफोर्नियाचे आणि वॉशिंग्टन राज्याचे. दोन्हीकडे प्रायमरी सर्वपक्षीय असते, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा मतदारही तुमच्या नावापुढे खूण करू शकतो. पण यावरून नियम बांधू नका. त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या, त्या दहांतल्याच एक बाई त्याच पद्धतीत पडल्या.

नोव्हेंबरची निवडणूक देशाला दिसते, प्रायमरी फारशी दिसत नाही. सभासदाची झोप उडते ती प्रायमरीने.

धडा सहावा: प्रात्यक्षिक

इथे आपल्या मराठी वाचकांना ओळखीचे नाव येते. श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले, 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलेले, आणि २०२३ पासून मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या भागातून, प्रतिनिधीगृहात. आडनाव ठाणेदार, तेव्हा आरोपपत्र ओघाने आलेच. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचे आरोपपत्र सादर केले. इथवर हरकत नसते. असे कागद समितीकडे जातात आणि समितीत निवांत झोपतात. पण मे महिन्यात ठाणेदारांनी विशेषाधिकाराची वाट धरली. या वाटेने गेले की कामकाजाच्या दोन दिवसांत सभागृहाला विषय घ्यावाच लागतो.

गडबड झाली ती राष्ट्राध्यक्षाच्या पक्षात नव्हे. तिकडे बहुमत होते, ते निश्चिंत. घाम फुटला तो ठाणेदारांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाला. का, ते नीट समजून घ्या. विषय मतदानाला आला की हात दिसतो. 'हो' म्हटले तर काठावरच्या मतदारसंघातला सभासद नोव्हेंबरमध्ये जातो. 'नाही' म्हटले तर घरचा मतदार प्रायमरीत विचारतो, तेव्हा तुझी जीभ कुठे होती? अडकित्त्यातली सुपारी. मतदान न होणे हाच त्यातून सुटण्याचा एक मार्ग, आणि तोच बंद करायला निघालेला माणूस आपल्याच बाकावर बसलेला. नेत्यांनी समजावले, सहकारी चिडले. १४ मे रोजी वेळ आली तेव्हा ठाणेदारांनी मतदान मागितले नाही. सहकाऱ्यांशी बोलून कलमांत भर घालणार असल्याचे सांगितले.

पुढच्याच महिन्यात टेक्सासचे अल ग्रीन यांनी तीच वाट धरली आणि ते मागे हटले नाहीत. २४ जूनला त्यांचा ठराव ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बासनात गेला. बासनाची गाठ मारणाऱ्यांत १२८ डेमोक्रॅट होते. ग्रीन यांना याची सवय आहे. २०१७, २०१८ आणि २०१९ मध्येही त्यांचे ठराव असेच गुंडाळले गेले होते. मला विचाराल तर या सगळ्यांत सरळ माणूस तोच वाटतो, पण हे मत धड्यात धरू नका. त्याची परीक्षेत भर पडत नाही.

धडा सातवा: इतके करूनही खटला उभा राहिलाच तर

तो सिनेटचा त्रास, तुमचा नाही. तरी माहिती असावी. फोन बाहेर ठेवायचे, गप्प बसायचे, आणि प्यायला फक्त पाणी किंवा दूध. कॉफी नाही. २०२० च्या खटल्यात एका सिनेटरने आपल्या सहकाऱ्यांना बोटांवर फिरवायच्या भिंगऱ्या वाटल्या, वेळ जावा म्हणून. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्या खटल्यात सरन्यायाधीश रेनक्विस्ट अध्यक्षस्थानी बसले ते झग्याच्या बाह्यांवर चार-चार सोनेरी पट्टे लावून. ती कल्पना त्यांनी एका विनोदी संगीतिकेतून उचलली होती.

धडा आठवा: कचरणे कधी सोडावे?

फक्त बेरीज पुरी झाल्यावर. जुलै १९७४ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने रिचर्ड निक्सन यांच्याविरुद्ध तीन कलमे मंजूर केली, तेव्हा समितीतले दहा रिपब्लिकन प्रत्येक कलमाच्या विरोधात होते. ५ ऑगस्टला एक ध्वनिफीत बाहेर आली, तपास दडपायला सांगणारा निक्सन यांचाच आवाज असलेली. दहाच्या दहा जण फिरले. ७ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांच्याच पक्षाचे तिघे, सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, सिनेटर ह्यू स्कॉट आणि प्रतिनिधीगृहातले नेते जॉन ऱ्होड्स, व्हाइट हाऊसवर गेले. राजीनामा द्या असे कुणी म्हणाले नाही. वाचायला ३४ मते लागतात आणि आकडा त्याच्या जवळपासही नाही, एवढेच सांगितले. दुसऱ्या रात्री निक्सन यांनी टीव्हीवर राजीनामा जाहीर केला.

महाभियोगावर त्या तिघांपैकी एकालाही सभागृहात मत द्यावे लागले नाही.